अडलं, सुटलं

आमच्या कचेरीत जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी एक खुर्ची आहे. तिला सगळे ज्ञानूची खुर्ची म्हणतात. ज्ञानू जाधव नावाचा आंधळा माणूस टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला आणि एकोणीस वर्षं तिच्यावर बसला. पहिली चार वर्षं त्याच्यापुढे टेलिफोनचं यंत्र होतं. मग प्रत्येकाच्या टेबलावर फोन आला, नंतर प्रत्येकाच्या खिशात आला, आणि यंत्र उचलून नेलं. ज्ञानूला मात्र कोणी उचललं नाही. पुढची पंधरा वर्षं तो पावणेदहाला येऊन बसायचा आणि सव्वासहाला उठून जायचा. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ देऊन 'निष्कलंक सेवा' असं भाषण झालं म्हणे. कलंक लागायला आधी हाताला काम लागावं लागतं, हे भाषण करणाऱ्याला सुचलं नाही.

तो गेला आणि पुढच्याच महिन्यात मी लागले. मी संयोगिता, गाव मुरगूड, जन्मापासून आंधळी. लिपिकाची परीक्षा सगळ्यांबरोबर देऊन आले. पहिल्या दिवशी शिपायाने कौतुकाने त्या खुर्चीला माझा हात लावून दिला. गादीला मधोमध खळगा पडलेला होता. शेजारी भिंतीतून टेलिफोनच्या तुटक्या वायरचं टोक बाहेर आलं होतं, ते माझ्या बोटाला टोचलं. तेव्हाच ठरवलं, काय वाटेल ते होवो, इथे बसायचं नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. ती म्हण रचणाऱ्याने निदान आंधळ्याला दळायला तरी दिलं होतं.

चार वर्षं माझं काम चाललं ते एका प्रोग्रॅमच्या जोरावर. संगणकाच्या पडद्यावर जे असतं ते तो कानात बोलून दाखवतो. आम्ही त्याला वाचक म्हणतो. वाचक बोलला की मी कुठल्याही डोळसाच्या बरोबरीने पत्र लिहिते. माझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शेजारच्या टेबलापेक्षा कमी असतात, हे मी मुद्दाम सांगते.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी कचेरीत पत्रव्यवहाराचा नवा प्रोग्रॅम बसवला. जुना त्याच दिवशी काढून टाकला. नव्यात सगळं वाचता येत होतं, यादी, तारखा, कोणाचं पत्र कुठे अडकलंय ते. पण पत्र लिहायच्या खोक्यात कर्सर गेला की वाचक मुका व्हायचा. मी टाइप करायची आणि कानात काहीच यायचं नाही.

"उमटतंय की, मॅडम," शेजारचा म्हणाला.

काय उमटतंय ते मलाच कळत नसेल तर त्या उमटण्याला काय अर्थ? प्रोग्रॅम बसवायला आलेल्या माणसाने "आम्ही हे तपासलेलं नाही" असं सांगितलं, चहा प्याला आणि गेला.

शुक्रवारी विजयसिंह साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट नाहीत. वाईट असते तर भांडता आलं असतं.

"मॅडम, बुधवारी वरची माणसं येणार हायत बघायला. प्रत्येकानं त्यांच्यापुढं एक पत्र करून दाखवायचं हाय. तुमचं जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर टेन्शन घ्यायचं न्हाई. ज्ञानूची जागा मोकळीच हाय. पगाराला तुमच्या कोण हात लावत न्हाई."

"साहेब, मला काम पाहिजे."

"काम काय, आमाला तरी कुठं पाहिजे," ते हसून म्हणाले. माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं करून त्यांनी फाइल उघडली.

संध्याकाळी मुरगूडला फोन लावला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मागे धारेच्या बादलीचा आवाज येत होता.

"पगार चालू ऱ्हातोय न्हवं?" आबा म्हणाले. "मग बस की गप. बसून खायला मिळायला नशीब लागतंय, पोरी. हितं आमची पाठ मोडली."

माझ्या बाजूने बोलणारं एक माणूस मला अख्ख्या जिल्ह्यात सापडेना. सगळेच माझ्या भल्याचं बोलत होते. माझ्या एकतीस वर्षांच्या वयात पुढची सत्तावीस वर्षं मी त्या खळग्यात बसलेली मला स्पष्ट दिसली, आणि दिसण्याचा मला बाकी काही अनुभव नाही.

दीड वर्षापूर्वी असं झालं असतं तर मी तासाभरात सुटले असते. कारण तेव्हा कानोकानी होती.

कानोकानी ही आम्हा आंधळ्यांची मेलिंग लिस्ट. मेलिंग लिस्ट म्हणजे एक सामाईक पत्ता. त्यावर एकाने मेल टाकला की तो सगळ्यांच्या पेटीत पडतो, आणि कोणीही उत्तर दिलं तरी तेही सगळ्यांना जातं. दत्तोपंत सरांनी अठरा वर्षांपूर्वी ती काढली. सर स्वतः आंधळे. आंधळ्या मुलांच्या शाळेत त्यांनी मला ब्रेल शिकवली, माझं बोट धरून एकेका ठिपक्यावर टेकवत. निवृत्तीनंतर ते नृसिंहवाडीला मुलीकडे राहायचे.

लिस्टला नियम एकच. संगणकाने कोणाला दगा दिला की विषयाच्या ओळीत पहिला शब्द लिहायचा 'अडलं'. मग उत्तरं यायची, गडहिंग्लजहून, इस्लामपूरहून, कधी थेट नागपूरहून. काम झालं की त्याच माणसाने 'सुटलं' लिहून कळवायचं. ज्याचं अडलं त्यानेच. दुसऱ्या कोणी परस्पर सुटलं म्हणायचं नाही. सर म्हणायचे, दुसऱ्याचं दुखणं बरं झालं हे आपण ठरवू नये.

मग उन्मेष आला. उन्मेष डोळस, कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातला, पुण्यात नोकरी करतो. त्याच्या मावशीची दृष्टी गेली म्हणून तो या कामात पडला. सरांना वयामुळे लिस्टची देखभाल जमेना, ती त्याने आपणहून घेतली. गेल्या वर्षी सप्टेंबरात त्याने सगळ्यांना लिहिलं की मेलिंग लिस्टचे दिवस गेले. रोज पन्नास मेल येऊन पेटी भरते, जुनं काही सापडत नाही, एकाच प्रश्नाचं उत्तर दहादा द्यावं लागतं. त्याऐवजी आपण फोरम करू. वेबसाइटवर एक जागा, तिथे विषयवार विभाग, शोधायची सोय, आभार मानायला बटण.

सरांनी त्याला उत्तर दिलं होतं. मला ते पाठ आहे. 'मेल आपल्या दारी येतो. फोरमवर आपल्याला जावं लागतं. जायचं म्हटलं की वाट आली, वाटेत दार आलं, दाराला कुलूप आलं. आपल्यातल्या अनेकांना घराबाहेर पडायलाच कोणाचा तरी हात लागतो. निदान हे एक तरी घरपोच राहू द्या.'

आणि मग मी लिहिलं. सगळ्यांना जाईल असं. 'सर, सवय म्हणजे सोय नव्हे. आपण आंधळे आहोत, मागासलेले नाही. मी स्वतः फोरमवर जाऊन आले आहे. काहीही अडचण नाही.'

मी जाऊन आले होते हे खरं. उन्मेषने माझं खातं स्वतः उघडून दिलं होतं आणि फोनवर मला आत सोडलं होतं. पण त्या वेळी मला वाटलं ते असं, की एक डोळस इंजिनिअर मला विचारतो, आणि मी त्याला सांगू शकते की आम्हीही नव्या काळाचे आहोत. फुशारकी ती. माझ्या मेलखाली सतरा जणांनी लिहिलं, 'संयोगिता म्हणते तर ठीक.' सरांनी काहीच लिहिलं नाही. आठ दिवसांनी लिस्ट बंद झाली.

पुढे चौदा महिने माझं काही अडलं नाही आणि मी फोरमकडे फिरकले नाही. मध्ये जुना फोन बिघडला, नवा घेतला, आणि जुन्यात उघडं असलेलं खातं बंद झालं. त्या दिवसापासून मीही दाराबाहेर होते, मला फक्त ते माहीत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी खोलीवर बसून फोरम उघडला. पासवर्ड आठवेना. नवा मागितला तर पान म्हणालं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. खालच्या चित्रांतून झेब्रा क्रॉसिंग असलेली चित्रं निवडा. मी आजवर एकही झेब्रा क्रॉसिंग पाहिलेलं नाही. कोल्हापुरात डोळसांनाही ते दिसतं याचा पुरावा मला कधी मिळालेला नाही. चित्राऐवजी आवाज ऐकायची सोय होती. त्यात एक परदेशी बाई पिंपात तोंड घालून बोलल्यासारखे आकडे सांगत होती आणि त्याच वेळी माझा वाचक तिच्यावर बोलत होता. नऊ वेळा प्रयत्न केला. नवव्या वेळी पान म्हणालं, तुमची हालचाल संशयास्पद आहे, चोवीस तासांनी या.

शनिवारी सकाळी उन्मेषला फोन केला.

"अरे उन्मेष, ही चित्रं कशासाठी घातलीस?"

"कॅप्चा का? तो गेल्या दिवाळीत टाकला, ताई. जाहिराती घुसायला लागल्या होत्या, दिवसाला शंभर. तो टाकल्यापासून एकदम बंद झाल्या."

"आणि आंधळे आत कसे येणार होते?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, अडचण नाही. आणि त्यानंतर कोणाची तक्रारच आली नाही."

"तक्रार कुठे करायची होती?"

"फोरमवर. तक्रारींचा वेगळा विभाग आहे तिथे," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला काय म्हणतोय ते कळलं असावं. "ताई, थांबा. मी आत्ता तुमचं खातं उघडतो."

दहा मिनिटांत त्याने मला आत सोडलं. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. हात दाखवून अवलक्षण मीच केलं होतं, त्याने माझ्या शब्दावर भिंत उभी केली होती.

आत गेले. सगळं नीटनेटकं होतं, विभाग, उपविभाग, मदतीचं पान. सदस्य दोनशे बारा. गेल्या सहा महिन्यांत आत येऊन गेलेले तीन. एक उन्मेष, एक आत्ता आलेली मी, आणि एक 'स्वस्त गोळ्या' नावाचा. 'अडलं' विभागात एकही ओळ नव्हती. उन्मेषची मात्र अधूनमधून पत्रं होती. संक्रांतीच्या शुभेच्छा. नवी सुविधा सुरू. आणि जूनमधलं एक, 'कोणी काही विचारत नाही, म्हणजे सर्वांचं सुरळीत चाललं असावं, आनंद वाटतो.'

तरी मी लिहिलं. अडलं, पत्राचा खोका मुका. रविवारी सकाळी बघितलं. वाचलेल्यांची संख्या एक, आणि ती मीच. तेव्हा मला रडू आलं. खोलीत एकटीच होते म्हणून मोठ्याने रडले. बुधवारची भीती होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी आत फुटलं. ज्या घरात हाक मारली की तासाभरात चौघे धावायचे, ते घर मी 'काहीही अडचण नाही' म्हणून रिकामं करून दिलं होतं, आणि आता त्यात उभी राहून मी स्वतःलाच हाक मारत होते.

रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि फोनवर जुनी पेटी उघडली. कानोकानीचे सगळे मेल तिथे पडून होते. मेलचं हे एक बरं, कोणी घर बंद केलं तरी आलेली पत्रं आपल्याकडे राहतात. आणि प्रत्येक पत्राच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचा पत्ता होता. लिस्टचा सामाईक पत्ता मेला होता, माणसांचे पत्ते जिवंत असतील. मी एकेक मेल उघडायचा, पत्ता ऐकायचा आणि नव्या मेलमध्ये उतरवायचा असं सुरू केलं. वाचक एकेक अक्षर सुटं करून सांगायचा. दुपारचं जेवण राहिलं. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी वाजवत जात होते, त्यात अक्षरं बुडायची, मग परत ऐकायचं. संध्याकाळी पाचपर्यंत एकशे सदतीस पत्ते झाले.

सरांचा पत्ता मी शेवटी ठेवला होता. त्यांच्या शेवटच्या मेलखाली माझा तो मेल होता. काय तोंडाने विचारणार? पण ज्याचं अडलं त्याला तोंड लपवता येत नाही. सरांचा पत्ता घातला आणि मेल पाठवला. विषय तोच, अडलं, पत्राचा खोका मुका. खाली लिहिलं होतं, 'बुधवारी माझी परीक्षा आहे. नाही जमलं तर मला कायमचं बसवून ठेवतील. चौदा महिन्यांपूर्वी मी अडचण नाही असं लिहिलं होतं. अडचण आहे. चूक माझी.'

सोमवारी सकाळी पेटी वाजत राहिली. एकतीस मेल पत्ता चुकीचा म्हणून परत आले. बाकी माणसांचे होते. कानोकानी परत सुरू झाली का, असं कितीतरी जणांनी विचारलं. पण उत्तर कोणाकडेच नव्हतं, उलट ज्याचं त्याचं अडलेलं होतं आणि ते वर्षभर तुंबून राहिलं होतं. राधानगरीच्या एका मास्तरांना निकालाचे तक्ते भरता येत नव्हते, त्यांचा पुतण्या भरून द्यायचा. एकाचा वाचक आठ महिन्यांपासून मराठी आकडे उलटे वाचत होता, तो तसेच उलटे समजून घेत होता. इचलकरंजीच्या एका बाईने लिहिलं, 'माझं मार्चमध्ये असंच अडलं होतं. विचारायला जागा नव्हती. नोकरी सुटली. आता घरीच असते. तुमचं होवो.' हा मेल मी कचेरीत टेबलाशी बसून ऐकला आणि परत पहिल्यापासून ऐकला.

सरांचं उत्तर आलं नव्हतं. रागावले असतील असं वाटलं, आणि त्यांचा राग मला मान्य होता.

संध्याकाळी सहा वाजता एक मेल आला.

'संयोगिता मॅडम, मी ज्ञानू जाधव. तुमच्या हापिसात जिन्याखाली होतो तो. आता कागलला असतो. मी कानोकानीवर बारा वर्षं हाय. आलो तवा एकदा नाव कळवलं, पुन्हा कधी लिवलं न्हाय. लिवायला काय तरी अडावं लागतं आणि अडायला काम लागतं. मी निस्ता मोबाइलवर कानात घालून ऐकत बसायचो. हापिसात समद्यांस्नी वाटायचं ज्ञानू गाणी ऐकतोय. कुणाचं अडलं, कुणाचं सुटलं, समदं ध्यानात हाय. तुमच्यावानी अडलेलं दोन हजार सोळाच्या गणपतीत साताऱ्याच्या एकाचं. दत्तोपंत सरांनी उपाय दिलाय. विषय खोका मुका. तुमच्या पेटीत असंल, बघा. त्या खुर्चीवर बसू नका.'

मी पेटीत शोधलं. होता. दोन हजार सोळाचा सप्टेंबर, खोका मुका. तेव्हा मला गरज नव्हती म्हणून न उघडताच राहिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सरांनी लिहिलं होतं, 'वाचकाला आधी झोपवा. मग मोजून टॅब दाबत खोक्यापर्यंत जा, एंटर करा, मनात वीस म्हणा, आणि मगच त्याला जागं करा. जागाच नेला तर तो दारातल्या गर्दीत अडकतो. टॅब किती वेळा दाबायचं तो आकडा प्रत्येक प्रोग्रॅमचा निराळा असतो. तो एकदा मोजून काढावा लागतो. घाई करू नये. अंधारात मोजायची आपल्याला सवय आहेच.'

मंगळवारी मी तेच केलं. वाचक बंद केला. कानात पूर्ण शांतता. अशा शांततेत संगणकापुढे बसणं म्हणजे काय हे डोळसाला सांगून कळणार नाही. चार टॅब, एंटर, वीस, वाचक चालू. 'बाहेर पडा' हे बटण दाबलं गेलं होतं. परत आत यायचं, वाचक बंद, पाच टॅब. चुकीच्या यादीत. सहा. परत बाहेर. प्रत्येक फेरीला सात-आठ मिनिटं, आणि खात्री म्हणून प्रत्येक आकडा तीन-चारदा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नवापर्यंत पोचले. शेजारच्याने विचारलं, "मॅडम, काय जप करताय?" मी उत्तर दिलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर आकडा चुकला असता. तीन वाजता बारा झाले. मध्येच वाटलं, आकडाच नसेल. सरांचा उपाय जुना, हा प्रोग्रॅम नवा. वायरचं टोक बोटाला टोचल्यासारखं वाटत राहिलं. चार वाजता तेरा. परत बाहेर.

चौदा टॅब. एंटर. मनात वीस म्हटले, आणि भीतीने आणखी पाच. वाचक चालू केला. क दाबला.

कानात आवाज आला, "क."

मी परत दाबला. "क." मग ख, मग ग. कोणीतरी बघत असेल तर बाई वेडी झाली म्हणालं असेल. मी सगळी मुळाक्षरं टाइप केली आणि ऐकली.

बुधवारी वरची माणसं आली. माझी पाळी आली तेव्हा विजयसिंह साहेब माझ्या वतीने काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. मी म्हटलं, साहेब, मजकूर सांगा. त्यांनी पाण्याच्या टाकीबद्दलचं एक पत्र सांगितलं. मी वाचक झोपवला, चौदा मोजले, वीस म्हटले, जागा केला आणि पत्र लिहून त्यांना वाचून दाखवलं. एका पाहुण्याने विचारलं, हे चौदा वेळा काय दाबलंत? मी म्हटलं, शाळेत शिकवलंय.

"म्हंजे चालतंय की," साहेब म्हणाले. मग शिपायाला म्हणाले, "ती जिन्याखालची खुर्ची कशाला अडवून ठेवलीया? पिंपाला जागा हुईल."

खोलीवर येऊन चहा केला आणि मेल लिहायला बसले. सुटलं, पत्राचा खोका बोलला. चौदा टॅब. उपाय सरांचा, आठवण ज्ञानूदादांची. पाठवायच्या आधी पेटी बघितली तर सरांच्या पत्त्यावरून मेल आलेला होता. माझा जीव भांड्यात पडला. पण मेल सरांचा नव्हता.

'नमस्कार. मी अदिती, दत्तोपंतांची मुलगी. बाबा फेब्रुवारीत गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. त्यांची पेटी मी आठवड्यातून एकदा उघडते, म्हणून तुमचा मेल आज वाचला. तुम्हा सगळ्यांना तेव्हा कळवायला हवं होतं, पण लिस्टच्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत आला आणि दुसरा मार्ग मला माहीत नव्हता. बाबांचाही असाच परत आलेला एक मेल पेटीत आहे, डिसेंबरातला. त्यात तुमचं नाव आहे म्हणून पाठवते.'

खाली तो होता.

'अडलं, नव्या जागेत शिरता येत नाही. कानोकानीच्या सर्व मंडळींना. नव्या जागेत जाण्याचा मी अकरा वेळा प्रयत्न केला. चित्रं ओळखा म्हणतात. एकदा अदितीकडून ओळखून घेतली, पण दर वेळी तिला हाक मारणं बरं दिसत नाही. संयोगिता आत जाऊन आली आहे, तेव्हा वाट असणारच. मलाच ती सापडत नाही. संयोगिता माझी विद्यार्थिनी. तिने लिहिलं त्याचा मला राग नाही, सवय सोडायला हवी हे खरंच आहे. कोणीतरी मला टॅबचा आकडा सांगा. दत्तोपंत, नृसिंहवाडी.'

त्याच्याखाली यंत्राने जोडलेली एक ओळ होती, की हा पत्ता अस्तित्वात नाही.

मी तो मेल तीनदा ऐकला. वाचकाला कोणाचंही पत्र दिलं तरी तो एकाच आवाजात वाचतो, पण मला सरांचाच आवाज येत होता, ठिपक्यावर बोट टेकवून थांबायचा तो. अकरा वेळा. सत्याहत्तर वर्षांचा माणूस अकरा वेळा चित्रांपुढे बसला, कारण मी लिहिलं होतं की अडचण नाही. तिथे टॅबचा आकडाच नव्हता. कितीही मोजले असते तरी नव्हता.

माझं सुटलं मी पाठवून दिलं. मग सरांचा मेल घेतला. अडलेलं सगळ्यांपर्यंत पोचलंच पाहिजे, हा त्यांचाच नियम. वर मी एवढंच लिहिलं, 'सर गेले. हा त्यांचा मेल अकरा महिने उशिरा पोचतोय. आत जायला वाट नव्हती. मी एकदा जाऊन आले आणि परत बघायला गेले नाही.' एकशे सहा पत्त्यांवर पाठवला.

चार मिनिटांत पहिलं उत्तर आलं, ज्ञानूदादांचं. 'सर, मला पन जमलं न्हाय.' मग राधानगरीच्या मास्तरांचं, 'सर, मलाही नाही.' मग इचलकरंजीच्या बाईंचं. मग उन्मेषचं, त्याने फक्त 'सर, माफ करा' असं लिहिलं होतं. रात्री जेवेपर्यंत अठ्ठावन्न झाली. सगळी सरांच्या नावाने, जणू ते नृसिंहवाडीला बसून ऐकताहेत.

लिस्ट आता परत चालू आहे. उन्मेषने नवा सामाईक पत्ता करून दिला, त्याला दार नाही. रोज अडलं येतं, रोज सुटलं येतं. सरांच्या त्या मेलवर अजून सुटलं आलेलं नाही. कोणी लिहायलाही धजत नाही, कारण ज्याचं अडलं त्यानेच ते लिहायचं असतं.